बावीस जणांची फळी

28 जानेवारी 2009 ला स्कॉटलंडचं सरकार पडता पडता राहिलं. सुमारे 33 अब्ज पौंडांचा अर्थसंकल्प मतदानाला आला आणि आकडे निघाले: बाजूने 64, विरोधात 64. पीठासीन अधिकारी ॲलेक्स फर्ग्युसन यांनी प्रथेप्रमाणे आपलं निर्णायक मत ‘आहे ते तसंच राहू द्या’ या बाजूला टाकलं, आणि अर्थसंकल्प फेटाळला गेला. प्रथममंत्री ॲलेक्स सॅमंड राजीनाम्याची आणि मुदतपूर्व निवडणुकीची भाषा बोलू लागले. आठवड्याभराने, 4 फेब्रुवारीला, थोड्याफार फरकाने तोच अर्थसंकल्प 123 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला.

मधल्या सात दिवसांत भाषणांनी कोणाचं मन वळलं नव्हतं. अर्थमंत्री जॉन स्विनी आणि विरोधी पक्षांचे अर्थखात्याचे प्रवक्ते यांच्यात बैठका झाल्या होत्या. लेबर पक्षाने शिकाऊ उमेदवारांच्या जागा वाढवून घेतल्या. कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे डेरेक ब्राउनली पहिल्या दिवसापासूनच सरकारच्या बाजूने होते, कारण त्यांच्या पक्षाने आपलं काम आधीच करून घेतलं होतं. उतरती कळा लागलेल्या गावांच्या बाजारपेठांसाठी 6 कोटी पौंडांचा निधी त्यांनी पदरात पाडून घेतला होता. शेवटी विरोधात उरली ती ग्रीन पक्षाची दोन मतं.

ब्राउनली मंत्री नव्हते आणि त्यांच्या पक्षाचे निवडून आलेले आमदार होते अवघे 17. त्यांचं पद एवढंच, की पक्षनेत्या ॲनाबेल गोल्डी यांच्या चमूत अर्थखातं त्यांच्याकडे होतं. ब्रिटिश धाटणीच्या संसदेत या चमूला ‘फ्रंटबेंच’ म्हणतात. समोरच्या बाकांवर सरकारचे मंत्री, आणि त्यांच्या तोंडासमोर विरोधी पक्षनेता व त्याचे सहकारी. आरोग्यमंत्र्यावर एक जण लक्ष ठेवणार, शिक्षणमंत्र्यावर दुसरा, अर्थमंत्र्यावर तिसरा. याच फळीला प्रतिछाया मंत्रिमंडळ किंवा शॅडो कॅबिनेट असंही म्हणतात.

एडिनबराच्या होलिरूड भागातल्या संसदेत मात्र समोरासमोर बाकं नाहीतच. कॅटलोनियाचे वास्तुविशारद एन्रिक मिरालेस यांनी आखलेलं हे सभागृह अर्धवर्तुळाकार आहे. 2004 मध्ये ते वापरात आलं तेव्हा खर्च 41 कोटी पौंडांच्या पुढे गेला होता आणि मिरालेस हयात नव्हते. एकमेकांवर धावून जाण्यापेक्षा एकत्र बसून बोलण्याची सवय लागावी, अशी त्या अर्धवर्तुळामागची अपेक्षा. ती किती फळाला आली हे कोणत्याही गुरुवारी दुपारी बारा वाजता, प्रथममंत्र्यांच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी, पाहता येतं. भांडायला माणसाला समोरासमोरच बसावं लागतं असं नाही.

ही संसद तशी तरुण आहे. 11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्के मतदारांनी ती मागितली, 1998 च्या स्कॉटलंड कायद्याने ती मिळाली आणि 6 मे 1999 ला पहिली निवडणूक झाली. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, शेती, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय एडिनबराकडे आले. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, स्थलांतर लंडनकडेच राहिलं. त्यामुळे होलिरूडच्या विरोधी फळीत संरक्षणाचा प्रवक्ता नसतो आणि परराष्ट्रमंत्र्याची सावलीही नसते. सरकारकडे जी खाती, त्यांचीच प्रतिकृती समोर. सरकारने खात्यांची फोड बदलली, की विरोधी पक्षनेत्यालाही आपला पट पुन्हा मांडावा लागतो. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या, म्हणजे एसएनपीच्या, सरकारने राज्यघटनाविषयक बाबींना मंत्री दिला तेव्हा विरोधकांनाही त्या विषयाचा माणूस नेमावा लागला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची चर्चा नको म्हणणाऱ्या पक्षांनाही त्या चर्चेसाठी एक खुर्ची राखून ठेवावी लागते, ही यातली गंमत.

खरी अडचण आहे संख्येची. सभागृहात एकूण सदस्य 129. मे 2021 च्या निवडणुकीत एसएनपीला 64, कॉन्झर्वेटिव्हना 31, लेबरला 22, ग्रीनला 8 आणि लिबरल डेमोक्रॅट्सना 4 जागा मिळाल्या. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये 650 सदस्य असतात. तिथल्या विरोधी पक्षनेत्यापुढे बहुतेक वेळा प्रश्न असतो तो कोणाला वगळायचं हा. स्कॉटलंडमधल्या लेबरचे नेते अनस सरवर यांच्यापुढे 2021 मध्ये प्रश्न होता, बावीस जणांत सगळी खाती पुरवायची कशी? स्वतः नेता, एक उपनेता, पक्षशिस्त आणि कामकाज सांभाळणारा एक. उरलेल्यांत आरोग्यापासून मच्छीमारीपर्यंत सगळं वाटायचं. अशा पक्षात मागच्या बाकावर बसायला फारसं कोणी उरतच नाही. बंडखोरांना पद काढून घेण्याचा धाक दाखवायचा, तर त्या पदावर बसवायला दुसरा माणूस लागतो.

शिवाय होलिरूडला वरचं सभागृह नाही. कायद्याची छाननी करायची ती समित्यांनीच. लंडनमध्ये मंत्र्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या निवड समित्यांपासून दोन्ही बाजूंचे पहिल्या फळीतले सदस्य प्रथेने दूर राहतात. एडिनबरात ती चैन परवडत नाही. सकाळी आरोग्य समितीत साक्षीदारांना शांतपणे प्रश्न विचारणारा सदस्य दुपारी सभागृहात त्याच आरोग्यमंत्र्याचे वाभाडे काढायला उभा राहतो. समितीने पक्षाबाहेर जाऊन विचार करावा ही अपेक्षा आणि प्रवक्त्याने पक्षाचीच बाजू लढवावी ही गरज, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर. या संसदेच्या समित्या आरंभी वाटल्या तेवढ्या धारदार का निघाल्या नाहीत, या तक्रारीचं बरंचसं उत्तर इथे आहे.

संख्येइतकाच निवडणुकीच्या पद्धतीचाही या फळीवर परिणाम होतो. 73 सदस्य मतदारसंघांतून निवडून येतात आणि 56 जण आठ विभागांच्या पक्षयाद्यांतून, प्रत्येक विभागातून सात. मतदारसंघांत कमी पडलेल्या पक्षाची भरपाई यादीतून होते. 2021 मध्ये लेबरच्या 22 पैकी मतदारसंघातून जिंकलेले फक्त दोन होते: डम्बार्टनच्या जॅकी बेली आणि एडिनबरा सदर्नचे डॅनियल जॉन्सन. नेत्यासह बाकी वीस जण यादीतले.

ही भरपाई कशी उलटते, ते 2011 मध्ये दिसलं. लेबरचे मातब्बर उमेदवार बहुतेक मतदारसंघांतूनच लढत. पक्षाच्या रीतीप्रमाणे त्यांची नावं यादीत नसत. एसएनपीची लाट आली, 69 जागा घेऊन गेली, आणि हे मातब्बर वाहून गेले. त्यांच्या जागी यादीतून आले ते असे लोक, ज्यांना स्वतःलाच निवडून येण्याची फारशी आशा नव्हती. 2009 च्या अर्थसंकल्पाच्या वेळी लेबरची बाजू सांभाळणारे अँडी कर ईस्ट किलब्राइडमध्ये हरले. पक्षनेते इयन ग्रे ईस्ट लोदियनमध्ये 151 मतांनी कसेबसे वाचले. (प्रचारात ग्लासगो सेंट्रल स्टेशनात निदर्शकांनी घेरल्यावर ग्रे एका सँडविचच्या दुकानात शिरले होते, स्कॉटलंडमध्ये त्यांच्या कारकिर्दीतली हीच गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात आहे, आणि हा अन्यायच.) कॉन्झर्वेटिव्हांचे ब्राउनलीसुद्धा गेले. सरकारकडून पैसे सोडवून घेण्याबद्दल मतदार विरोधी प्रवक्त्याला बक्षीस देत नाहीत. श्रेय सरकारला जातं.

मग ही फळी हवी कशाला? एक उत्तर 2007 मध्ये मिळालं. 1999 पासून आठ वर्षं लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट्सचं सरकार होतं आणि मुख्य विरोधी पक्ष होता एसएनपी. सत्तेचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. निकोला स्टर्जन यांनी त्या काळात विरोधी बाकांवरून आधी शिक्षण, मग आरोग्य, मग न्याय ही खाती सांभाळली. केनी मॅकॅस्किल यांनी न्याय आणि फियोना हिसलप यांनी शिक्षण पाहिलं. 2007 मध्ये लेबरच्या 46 विरुद्ध 47 अशा एका जागेच्या आघाडीवर एसएनपीने अल्पमतातलं सरकार बनवलं. सॅमंड यांनी प्रथममंत्री धरून अवघ्या सहा जणांचं मंत्रिमंडळ केलं. त्यात स्टर्जन यांना आरोग्य, मॅकॅस्किल यांना न्याय आणि हिसलप यांना शिक्षण मिळालं. ज्या विषयांवर त्यांनी वर्षानुवर्षं मंत्र्यांना छळलं होतं तेच विषय आता त्यांच्या टेबलावर होते. अर्थखातं गेलं स्विनींकडे. हे स्विनी 2000 ते 2004 विरोधी पक्षनेते होते, त्या पदावर अपयशी ठरून पायउतार झाले होते; मे 2024 मध्ये ते प्रथममंत्री झाले.

एसएनपी विरोधात असतानाच आणखी एक विचित्र पायंडा पडला: नेता एकीकडे आणि त्याची फळी दुसरीकडे. 2004 मध्ये सॅमंड पुन्हा पक्षाध्यक्ष झाले तेव्हा ते लंडनच्या संसदेत खासदार होते, होलिरूडमध्ये नव्हते. त्यामुळे तीन वर्षं गुरुवारच्या दुपारी प्रथममंत्री जॅक मकॉनेल यांच्यासमोर उभ्या राहिल्या त्या उपनेत्या स्टर्जन. पुढे प्रथममंत्री झाल्यावर त्यांच्याच समोर डिसेंबर 2014 नंतर तसंच चित्र उभं राहिलं. लेबरचे नवे नेते जिम मर्फी लंडनमध्ये खासदार, आणि एडिनबरात प्रश्न विचारायला उपनेत्या केझिया डगडेल. मे 2015 मध्ये मर्फी स्वतःची जागा हरले, स्कॉटलंडमधल्या 59 पैकी एकच जागा लेबरला राखता आली, आणि नेतेपद डगडेल यांच्याकडे आलं. ऑगस्ट 2020 मध्ये कॉन्झर्वेटिव्हांनी हीच तऱ्हा केली. डग्लस रॉस खासदार होते, म्हणून होलिरूडची बाजू सांभाळायला माजी नेत्या रूथ डेव्हिडसन पुन्हा पुढे आल्या. तीन पक्ष, तीन वेळा तोच प्रकार. स्कॉटलंडच्या राजकारणाचं केंद्र होलिरूडकडे सरकलंय हे सगळे बोलून दाखवत, पण नेता निवडताना नजर अजून लंडनकडेच जात होती.

लंडनची ही सावली विरोधी फळीला सर्वांत जास्त जाचते. ऑक्टोबर 2014 मध्ये लेबरच्या नेत्या जोहॅन लॅमंट यांनी पद सोडलं ते लंडनचे सहकारी स्कॉटिश पक्षाला आपली शाखा समजतात, असा जाहीर आरोप करून. स्वातंत्र्याच्या सार्वमतात लेबरची बाजू 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी जिंकली होती, त्याला सहा आठवडेही झाले नव्हते. जुलै 2024 मध्ये उलटा पेच आला. लंडनमध्ये लेबरचं सरकार आलं आणि त्याने वृद्धांच्या हिवाळी इंधनभत्त्याला कात्री लावली. एडिनबरातले लेबरचे प्रवक्ते एरवी सरकारला जाब विचारणारे; आता त्यांनाच स्वतःच्या पक्षाच्या निर्णयाचा जाब विचारला जाऊ लागला. नोव्हेंबरमध्ये सरवर यांनी जाहीर केलं, की आपण सत्तेत आलो तर स्कॉटलंडमध्ये वेगळी वाट धरू.

विरोधी पक्षनेतेपद हेच ध्येय ठेवून निवडणूक लढवता येते, हे रूथ डेव्हिडसन यांनी 2016 मध्ये दाखवलं. आम्हाला सत्ता द्या असं त्या म्हणाल्याच नाहीत. एसएनपीला वेसण घालायला खमका विरोधी पक्ष हवा, तो आम्ही होऊ, असं त्यांनी मतदारांना सांगितलं. कॉन्झर्वेटिव्हांच्या जागा 15 वरून 31 वर गेल्या आणि लेबर 24 वर येऊन तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. डेव्हिडसन यांच्या फळीत साहजिकच नवख्यांचा भरणा झाला. विरोधी पक्षनेतेपदाला स्कॉटलंडमध्ये कायद्याने वेगळा पगार नाही. लंडनमध्ये विरोधी पक्षनेत्याला तो 1937 पासून मिळतो. होलिरूडमध्ये विरोधी पक्षांना कामकाजासाठी सदस्यसंख्येच्या प्रमाणात अनुदान मिळतं आणि त्यातून संशोधक, सल्लागार ठेवता येतात. मंत्र्याच्या मागे अख्खं सचिवालय उभं असतं. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याकडे दोन-तीन मदतनीस असले तरी पुष्कळ.

एवढ्या तुटपुंज्या बळावर काय साधतं, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मोनिका लेनन यांचं. मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू ज्यांना हव्या त्यांना मोफत मिळाव्यात, असं खासगी विधेयक त्यांनी एप्रिल 2019 मध्ये मांडलं. तेव्हा त्या लेबरच्या आरोग्य प्रवक्त्या होत्या. सरकारला खर्चाची धास्ती होती आणि सुरुवातीला विरोधही होता. लेनन यांनी महिला संघटना, विद्यार्थी संघटना, कामगार संघटना सोबत घेतल्या, आणि सरकारला विरोध करणं अवघड करून ठेवलं. 24 नोव्हेंबर 2020 ला विधेयक एकमताने मंजूर झालं. 15 ऑगस्ट 2022 ला कायदा पूर्णपणे लागू झाला आणि असा कायदा करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश ठरला. तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाची एक प्रवक्ती, तीही यादीतून आलेली. असं श्रेय त्या काळातल्या फार थोड्या मंत्र्यांच्या वाट्याला आलं असेल.

लेबरच्याच जेम्स केली यांनी मार्च 2018 मध्ये उलट बाजूचं काम केलं. फुटबॉल सामन्यांच्या वेळच्या द्वेषपूर्ण वर्तनाबद्दल एसएनपीने बहुमताच्या जोरावर 2012 मध्ये केलेला कायदा त्यांनी खासगी विधेयकाने रद्द करवला. मतं पडली 62 विरुद्ध 60. सरकार तेव्हा अल्पमतात होतं आणि विरोधी प्रवक्त्यांनी आपसात बेरीज नीट केली होती.

जॅकी बेली यांची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. 1999 पासून त्या डम्बार्टनमधून निवडून येत गेल्या. 2016 मध्ये 109 मतांनी. त्यांच्या मतदारसंघातल्या व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयात 2007-08 मध्ये ‘सी-डिफ’ या जिवाणूचा संसर्ग पसरला. मृतांच्या नातेवाइकांबरोबर बेली यांनी सार्वजनिक चौकशीची मागणी लावून धरली. लॉर्ड मॅक्लीन यांच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर 2014 मध्ये आला आणि त्याने 34 मृत्यूंशी या संसर्गाचा संबंध जोडला. पक्षाचं आरोग्यखातं पुढे वेळोवेळी त्यांच्याकडे आलं, तेव्हा रुग्णालयातली स्वच्छता, खाटा, परिचारिका यांबद्दल बोलताना त्यांना टिपणं चाळावी लागत नसत.

पण फळीत टिकणं नेत्याच्या मर्जीवर असतं. ऑक्टोबर 2018 मध्ये नेते रिचर्ड लेनर्ड यांनी एकाच दिवशी बेली आणि आरोग्य प्रवक्ते सरवर या दोघांना वगळलं. लेनन यांना आरोग्य मिळालं ते त्याच फेरबदलात. पद गेल्यावर सरवर यांनी ग्लासगोच्या क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रकरण मागच्या बाकावरून लावून धरलं. रुग्णालयातलेच काही कर्मचारी त्यांना माहिती देत होते. एप्रिल 2020 मध्ये बेली उपनेत्या झाल्या. जानेवारी 2021 मध्ये लेनर्ड पायउतार झाले आणि फेब्रुवारीत सरवर नेते. वगळलेल्या जोडगोळीच्या हाती सगळा पक्ष आला.

सरवर यांच्या वाट्याला पुढे एक योग आला. मार्च 2023 ते मे 2024 प्रथममंत्री होते हमझा युसुफ. दोघेही पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतले आणि दोघेही ग्लासगोच्या हचिसन्स ग्रामर स्कूलचे माजी विद्यार्थी. सरवर यांचे वडील ब्रिटनचे पहिले मुस्लिम खासदार, नंतर पाकिस्तानातल्या पंजाबचे राज्यपाल. गुरुवारच्या प्रश्नोत्तरांत एकाच शाळेतली ही दोन मुलं एकमेकांच्या समोर उभी राहत.

मराठी वाचकाला शॅडो कॅबिनेट हा शब्द अगदीच परका नाही. 9 मार्च 2020 ला, पक्षाच्या चौदाव्या वर्धापनदिनी, राज ठाकरे यांनी नवी मुंबईत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचं शॅडो कॅबिनेट जाहीर केलं. खातेनिहाय नेमणुका झाल्या. पण 288 च्या विधानसभेत मनसेचा आमदार होता एक. म्हणजे ज्यांनी मंत्र्यांना प्रश्न विचारायचे त्यांतल्या बाकी कोणालाच सभागृहात पाऊल ठेवता येत नव्हतं. पंधरवड्यात टाळेबंदी आली आणि हा प्रयोग बहुतेकांच्या विस्मरणात गेला. मंत्र्याने उत्तर देणं बंधनकारक असेल, तरच ही सावली त्याच्या पायाशी राहते.

ब्रिटनमधल्या इतर दोन प्रादेशिक विधिमंडळांत संख्येचं गणित आणखी तंग आहे. वेल्सच्या सेनेडमध्ये 2021 च्या निवडणुकीत सदस्य 60 होते. त्या वेळी 16 जागा मिळवलेल्या कॉन्झर्वेटिव्हांचे नेते अँड्र्यू आर. टी. डेव्हिस यांच्यावर डिसेंबर 2024 मध्ये पक्षांतर्गत विश्वासमत घेतलं गेलं. ते 9 विरुद्ध 7 असं जिंकले आणि तरीही पायउतार झाले. ज्या सोळांतून फळी उभी करायची त्यांतले सात विरोधात असतील तर खाती वाटायची कोणाला? प्लाइड कम्री पक्षाची गत आणखी मजेची. डिसेंबर 2021 पासून मे 2024 पर्यंत त्याचा लेबर सरकारशी धोरणांपुरता करार होता. ठरलेल्या विषयांवर साथ आणि उरलेल्या विषयांवर विरोध, असं एकाच बाकावरून चालू होतं. 2026 पासून सदस्यसंख्या 96 करण्याचा कायदा सेनेडने 2024 मध्ये केला, त्यामागचं एक मुख्य कारण हेच: मंत्री वजा केले तर सरकारवर नजर ठेवायला माणसं पुरत नव्हती.

उत्तर आयर्लंडमध्ये तर बराच काळ अधिकृत विरोधी पक्षच नव्हता. 1998 च्या गुड फ्रायडे करारानुसार मोठे पक्ष संख्येच्या प्रमाणात मंत्रिपदं वाटून घेतात. संघर्ष थांबवायला हे हवंच होतं, पण सगळेच सरकारात, तर प्रश्न विचारणार कोण? जॉन मॅकॅलिस्टर या अपक्ष सदस्याच्या खासगी विधेयकातून 2016 मध्ये अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद झाली. त्या मे महिन्यात अल्स्टर युनियनिस्ट आणि एसडीएलपी हे दोन पक्ष विरोधात बसले. जानेवारी 2017 मध्ये सरकारच कोसळलं आणि तीन वर्षं विधानसभा बंद राहिली. 2022 च्या निवडणुकीनंतर पुन्हा दोन वर्षं तेच. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये स्टॉरमाँटमधल्या या विधानसभेचे दरवाजे उघडले तेव्हा एसडीएलपीचे मॅथ्यू ओटूल अधिकृत विरोधी पक्षनेते झाले. शिन फेन, डीयूपी, अलायन्स आणि अल्स्टर युनियनिस्ट असे चार पक्ष सत्तेत होते. 90 च्या सभागृहात निवडणुकीच्या आकड्यांप्रमाणे 78 जागा त्यांच्या. ओटूल यांच्या पक्षाचे सदस्य त्यांना धरून आठ.